आपांनी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

"थांबा भाऊ, हातात द्या," असं म्हणून आपा समोरची वस्तू तळहातावर घ्यायच्या, दोनदा हलकेच उडवायच्या आणि वजन सांगायच्या. जर्दाळूची पिशवी, शाळेचं दप्तर, आमच्या हिचं लग्नातलं चांदीचं तबक, काहीही. मी माल पाठवण्याच्या धंद्यातला माणूस. दुबईत, देरातल्या ऑफिसात दिवसभर पेट्यांची वजनं तपासतो. त्यामुळे सुरुवातीला मी काटा आणून त्यांची परीक्षा घ्यायचो. किलोभराच्या आतल्या वस्तूत त्यांची चूक वीस ग्रॅमच्या वर कधी गेली नाही. पुढे मी काटा आणणं बंद केलं.

शारजात, अल मजाजला, आम्ही अकरा वर्षं एका मजल्यावर राहिलो. लिफ्टच्या डाव्या हाताला त्या, उजव्या हाताला आम्ही. रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव त्यांचं. वय अठ्ठावन्न. एका सुपरमार्केटात सुक्या मेव्याच्या आणि मसाल्याच्या काउंटरवर त्यांनी बारा वर्षं काढली होती, तिथे हाताला ही सवय लागली. अख्खा मजला त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. इमारतीचा मल्याळी वॉचमनसुद्धा. उंची पाच फुटांच्या आत, आवाज इतका बारीक की दार उघडल्यावर त्या बोलल्यात की नुसत्या हसल्यात, हे कधी कधी कळायचं नाही. तुमच्याही मजल्यावर असं एखादं माणूस असेल. दिसतं रोज, आणि आपण समजतो की आपल्याला ते ठाऊक आहे.

एका शनिवारी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. मी चहा पीत होतो.

"भाऊ, तुमच्या वजनमापाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "रिव्हॉल्व्हर घ्यायचंय."

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय घ्यायचंय?"

"रिव्हॉल्व्हर. छोटंसं. पर्समध्ये मावेल असं." रुमाल घ्यायचाय अशा सुरात त्या बोलत होत्या. "इथे नाही हो, गावी. लायसन्स काढून. पण कुठलं घ्यायचं ते मला कळत नाही. तुम्ही लिहून काढाल ना?"

मोबाइलमध्ये डोकं घातलेली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो रँडम," आणि खोलीत गेली.

खरं तर ते इतकं अचानक नव्हतं. आपांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना गावी वारले होते. मुलाचं कॅनडाचं नक्की झालं होतं. आपांचा व्हिसा मुलाच्या नावावर, म्हणजे तो गेला की यांचाही खलास. तीन महिन्यांनी घर सोडायचं होतं. पुढे दोनच रस्ते होते. मुलाबरोबर कॅनडात जाऊन त्याच्या तळघरातल्या खोलीत राहायचं, नाहीतर गावच्या घरी एकटीने. ते घर आपांनी आणि मिस्टरांनी पंचवीस वर्षांत खोली खोली करून बांधलं होतं. आपांना तिथेच जायचं होतं. फक्त मागच्या वर्षी तिथे एक गोष्ट घडली होती.

मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार. गाव झोपलेलं. आपा घरात एकट्या. कंपाउंडवरून कोणीतरी आत उडी टाकली. आपा कोठीच्या दारामागे जाऊन बसल्या. माणूस आला, आरामात फिरला, तांब्याची दोन भांडी आणि विहिरीवरची मोटर घेऊन गेला. जाताना नळावर पाणीसुद्धा प्यायला.

"आणि मी ओरडले नाही," त्या म्हणाल्या. "शेजारी पन्नास पावलांवर आहेत. तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. तेव्हापासून त्या घरात मला दुपारी डोळा लागत नाही. मोटरचं काय हो, मोटर मिळते."

माझं मत मी तेव्हाच सांगितलं. मला हत्यारं आवडत नाहीत. पण मत विचारलंच नव्हतं, मागितली होती ती माहिती. माहिती मागणाऱ्याला उपदेश देणं मला बरोबर वाटत नाही. मी कागद घेतला.

पुढचे पंधरा दिवस मी मिळेल ते वाचलं. भारतात साध्या माणसाला लायसन्सवर मिळू शकतील अशी लहान रिव्हॉल्व्हरं फार नाहीत. त्यांतली चार निवडली आणि रकाने आखले. वजन. नळीची लांबी. गोळ्या किती. चाप ओढायला जोर किती लागतो. मागून गोळीवर आपटणारा घोडा बाहेर आलेला आहे की झाकलेला, कारण बाहेर आलेला घोडा पर्सच्या अस्तरात अडकतो. किंमत आधी दिरहममध्ये लिहिली, मग रुपयांत, सवयीने. प्रत्येक रकान्याला गुण दिले. सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त गुण मिळवून पहिलं आलं. मला त्यात काही गैर दिसलं नाही.

दिसणार कसं? आमच्या धंद्यात हलकं ते चांगलं. आणि धंदा सोडा, इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात ते भिनलेलं आहे. गावी जायचं म्हटलं की तीस किलोत बसवायचं. सुट्टीच्या मोसमात आमच्या घरी बॅगा तोलायला रांग लागते, कारण मजल्यावर भरवशाचा लटकता काटा माझ्याकडेच. खजुराचं खोकं फेकायचं, पुठ्ठा फेकायचा, शंभर ग्रॅम वाचले की माणूस खूश. तीस वर्षं हे करणाऱ्याला जास्त वजनाचा काही उपयोग असू शकतो, हे सुचत नाही.

तोच काटा आम्ही आपांच्या बोटासाठी वापरला. लहान रिव्हॉल्व्हरचा चाप फार घट्ट असतो, पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो, असं वाचलं होतं. मी काट्याच्या आकड्याला नाडीचा फास बांधला, काटा दाराच्या कडीला अडकवला आणि आपांना सांगितलं, "फक्त पहिल्या बोटाने ओढा."

पहिल्या दिवशी तीन किलो नऊशे.

"कमी आहे?"

"कमी आहे."

"लिहा," आपा म्हणाल्या. ही त्यांची सवय. बरं असो, वाईट असो, "लिहा, भाऊ." मग रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की त्या यायच्या, दहा वेळा ओढायच्या आणि जायच्या. पाच आठवड्यांत पाच किलो सहाशेपर्यंत आल्या. आमची ही म्हणायची, "आपा, कॅनडाला गेलात तर बर्फ उपसायला हे बोट पुरेल."

आता वजन बाळगायची सवय. मुलगा म्हणाला, खेळण्यातलं पिस्तूल आणून देतो. मी साफ नाही म्हटलं. इथे मॉलमध्ये कोणी ते पर्समध्ये पाहिलं असतं तर आपा पोलीस ठाण्यात आणि शेजारी मी, कागद घेऊन. त्यावर आपांनीच तोड काढली. जाड कापडाची, रिव्हॉल्व्हरसारख्या वाकड्या आकाराची पिशवी शिवली, तीत मसूर भरली आणि तोंड शिवून टाकलं. पाचशे वीस ग्रॅम. मी तोललं नाही. ती पिशवी महिनाभर पर्समध्ये. बाजारात, दवाखान्यात, तलावाकाठी फिरायला जाताना.

मी घड्याळ लावून मोजायचो. आपा सोफ्यावर बसायच्या, मी "आता" म्हणायचो, त्यांनी पिशवी बाहेर काढायची. पहिल्यांदा नऊ सेकंद. मधे मोबाइल, तस्बीहची माळ, चष्मा, बिलं, बीपीच्या गोळ्या.

"मला घराची चावी सापडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो," ही म्हणाली. "चोराला सांगावं लागेल, बस जरा, सरबत घे."

आपा इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग त्यांनी पर्सला बाजूने वेगळा कप्पा शिवला. चार सेकंद. कंपाउंड ते दार किती पावलं, हे त्यांनी आठवून सांगितलं. चौदा. मी हिशेब केला, धावत आला तर पाच सेकंद, चालत आला तर दहा.

"चालतच येतो," आपा म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. 'येतो' का म्हणाल्या, 'येईल' का नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

अर्जाची माहिती मी वाचून दाखवली, तेव्हाही तसंच झालं. धोका कशापासून, कोणापासून, हे सांगावं लागतं. पोलीस चौकशीला येतात.

"लिहा, चोर."

"कोण चोर, असं विचारतील."

"चोर म्हणजे चोर. त्याला काय नाव असतं?"

शारजात गोळीबाराचा सराव करण्याचा एक क्लब आहे. आयडी दाखवायचा, फॉर्म भरायचा, शिकवणाऱ्याच्या देखत गोळ्या झाडायच्या. आपांचंच म्हणणं, हातात घेतल्याशिवाय बोलू नये. एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. शिकवणारे पेशावरकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे खानसाहेब. त्यांनी मेजावर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली. आमच्या यादीतलीच नव्हेत, पण त्या घाटाची. एक छोटं, हलक्या धातूचं. दुसरं जरा मोठं, पोलादी. दोन्ही रिकामी आहेत हे उघडून दाखवलं.

"हाथ में लीजिए, बाजी." त्यांच्याकडे आपाला बाजी म्हणतात.

आपांनी छोटं उचललं, तळहातावर ठेवलं आणि दोनदा उडवलं.

"बाजी! उछालना नहीं!" खानसाहेब ओरडले. "ये बादाम नहीं है!"

"माफ करना भाईसाब," आपा लाजून म्हणाल्या, आणि तेवढ्यातही, "सव्वाचारसौ?"

खानसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "चार सौ तीस." मग दुसरं त्यांनी स्वतः, दोन्ही हातांनी, त्यांच्या हातात दिलं.

समोर माणसाच्या आकाराचा कागद लावत होते. आपा म्हणाल्या, साधा गोल लावा. गोल लावला. अंतर सात मीटर. आधी छोटं. पाच गोळ्या. प्रत्येक गोळीला आपांचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडत होते. कागदाला लागल्या दोन, त्याही कडेला. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी लाल झाली. मग पोलादी. तेवढ्याच पाच. चार लागल्या, एक जवळजवळ मधोमध. मीही पाच झाडल्या. त्यांचं काय झालं ते मी लिहून घेतलं नाही.

मी माझा कागद खानसाहेबांना दाखवला. गुणांची बेरीज, हलकं पहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला. चेष्टा केली नाही.

"मेहनत की है आपने," ते म्हणाले. "लेकिन ये उल्टा है. हल्का है, इसलिए झटका आपको देता है. भारी वाला झटका खुद खाता है. छोटा रखना आसान, मारना मुश्किल. सब यही गलती करते हैं."

मी वजनाचा रकाना खोडला. इतक्या वर्षांत असा रकाना खोडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. आपांनी पोलादी रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं. "हे. असलंच. लिहा, भाऊ." निवड झाली. आमच्या यादीतलं तिसरं या घाटाचं होतं.

निघताना खानसाहेब दारापर्यंत आले. "बाजी, एक बात. जिस पर चला नहीं सकतीं, उसे दिखाना भी नहीं. वो आपकी आँख देखता है, हाथ नहीं. पहचान लेगा."

परतीच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या. अर्धा तास आम्ही एका पुलाखाली उभे. आपा हाताचं बेचकं चोळत होत्या.

"भाऊ, तो कोण होता ते मला माहीत आहे."

मला वाटलं खानसाहेबांबद्दल बोलतायत.

"मोटर नेणारा. दाराच्या फटीतून पाठ दिसली. डावा पाय टाकायची त्याची एक रीत आहे, माडावरून पडला होता तेव्हापासून. आमचे नारळ तोच उतरवतो. वीस वर्षं." त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "मिस्टरांच्या जनाज्याला खांदा दिला त्याने. आमच्या दारातून कब्रस्तानापर्यंत. कोणाला बदली दिली नाही."

पुढची गाडी सरकली. माझी सरकवायची राहिली, मागच्याने हॉर्न दिला.

"तक्रार का नाही केलीत?"

"काय सांगू? पाठ पाहिली?" मग म्हणाल्या, "आज समोर कागद होता म्हणून हात चालला. मी तो गोल बघत होते आणि मनात म्हणत होते, हा तो नाही, हा तो नाही. एकदा चुकून त्याला बघितलं. ती गोळी कुठे गेली तुम्ही पाहिलंत ना?"

पाचातली एक लागली नव्हती. मी पाहिलं होतं.

"अर्ज करू नका मग," मी म्हटलं. "कॅनडाला जा. किंवा घर भाड्याने द्या."

"आणि दुसऱ्या कोणाला त्या कोठीत बसवू?"

मग तलाव दिसला. तेव्हा त्या म्हणाल्या, "रिव्हॉल्व्हर चांगलं आहे हो. माझ्याच हाताचं आहे. पण ते अनोळखी माणसासाठी आहे. मला कोणी अनोळखी छळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुरीच्या पिशवीची शिवण उसवली आणि आमटी केली. आम्हालाही वाटीभर पाठवली. अर्ज केला नाही. मुलाला कळवलं की तिकीट मुंबईचं काढ. मुलगा फोनवर माझ्यावर रागावला, "अंकल, यू टॉक टू हर!" मी बोललो. गावी गेल्यावर काय करणार, असं विचारलं.

"पहिल्या दिवशी त्याच्या घरी जाणार. सांगणार, तुला मी पाहिलं."

"एकट्या? आपा, ही जोखीम तुम्ही मोजलीत का? आता त्याला वाटतंय तुम्हाला ठाऊक नाही. कळलं म्हणजे तो काहीही करेल."

"मोजली."

"किती?"

"लिहू नका," त्या म्हणाल्या.

गेल्या त्या. विमानतळावर मीच सोडलं. अठ्ठावीस किलो चारशे, वर काही नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. गेल्या होत्या त्याच्या दारात, भर दुपारी. त्याने कानावर हात ठेवले. आवाज चढवला, म्हाताऱ्या बाईला भ्रम झालाय म्हणाला, आळी गोळा केली. त्याची बायको खाली बघत उभी होती. आपांनी दोनच वाक्यं म्हटली, "माझं काही परत नको. मी कोठीत होते आणि तुला बघत होते." आणि घरी आल्या.

"मोठ्याने म्हणालात?" हिने विचारलं.

"सगळ्या आळीला ऐकू गेलं."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आपांनी दाराला आतून अडसर लावला. माझ्याकडे रोज एक मेसेज यायचा, 'ठीक.' मी वेळ बघायचो. एकदा रात्री नऊपर्यंत आला नाही, तर मी जेवलो नाही. मोबाइलची बॅटरी संपली होती. मोटर परत आली नाही, भांडीही नाहीत. तो माणूस आपांच्या वाटेवर दिसला की बाजूच्या गल्लीत वळायला लागला. नारळ उतरवायला त्यांनी पलीकडच्या वाडीतला दुसरा माणूस लावला.

"भीती गेली का?" मी एकदा विचारलं.

"नाही हो. पण आता ती अर्धी त्याच्याकडे आहे."

हळूहळू 'ठीक' रोजचं आठवड्याचं झालं. मग महिन्याचं. मी मुद्दाम विचारलं नाही. मेसेज कमी होणं हीच माहिती होती.

गेल्या मे महिन्यात आम्ही भारतात होतो. मुंबईहून गाडी करून त्यांच्या गावी गेलो, न कळवता, हिचा हट्ट. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. आळीत चिटपाखरू नाही. फाटक नुसतं लोटलेलं. कंपाउंडपासून दारापर्यंत मी पावलं मोजली. माझी अकरा झाली, त्यांची चौदा असणार.

दार सताड उघडं होतं. आत चटईवर आपा झोपल्या होत्या, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं, बारीक घोरत. उशाशी मोबाइल आणि पाण्याचा तांब्या, दुसरं काही नाही. पंखा फिरत होता. मुलगी हाक मारणार होती, हिने तिच्या तोंडावर हात ठेवला.

आम्ही तिघं बाहेर पायरीवर बसलो. ऊन होतं, तरी कोणी उठलं नाही. मी घड्याळ पाहिलं. पन्नास मिनिटं त्या एकदाही हलल्या नाहीत.